सातवं कडवं ओंकारकडे आहे

माझ्या वरच्या मजल्यावर विष्णू पागे राहतो, त्याला यंदा सोळा वर्षं होतील. सोळा वर्षांत त्याने भिंतीला खिळा ठोकला नाही, नळ टपकत ठेवला नाही की जिन्यात मोठ्याने बोलला नाही. उज्जैनच्या माधव नगरात असा भाडेकरू मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, असं आमचे हे म्हणायचे. मला मात्र पहिल्यापासून वाटायचं, इतकं गुणी असणंही बरं नव्हे. माणसाने थोडा तरी आवाज करावा. नाही तर तो घरात आहे की नाही हे कोणाला कळणार?

मी रजनी मुळ्ये. पस्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसले. माझ्या जिभेला धार आहे असं लोक मला तोंडावर सांगतात, आणि मी ते बँकेवर ढकलते. हे गेले, मुलगी पल्लवी बेंगळुरूला असते. घरात मी एकटी आणि डोक्यावर विष्णू एकटा. दोन एकट्या माणसांमध्ये एक छत असलं की त्यांना एकमेकांची बरीच माहिती होते. तो किती वाजता पंखा लावतो, खुर्ची कधी सरकवतो, आज जेवला की नाही, सगळं मला खाली कळतं.

विष्णू पंचेचाळीसचा आहे. उंच, थोडा पोक काढून चालणारा, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा ठेवणारा. त्याचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत होते म्हणे. आता त्या घराण्याच्या नावावर एक सायकल उरली आहे. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, "काकू, दिवसभर लग्नच तर करतो." ते खरंही आहे. देवास गेटजवळ सुमीत सेठचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, तिथे पंचवीस वर्षांपासून विष्णू पत्रिकांचा मजकूर लावतो. हिंदी, मराठी, थोडी गुजराथीसुद्धा.

आमच्याकडची पत्रिका म्हणजे अर्धी वंशावळ असते. वर गणपती, मग आजोबा-आजी, मग आई-वडील, आणि खाली नावांच्या रांगा. 'विनीत' म्हणून बोलावणारे, 'स्वागतोत्सुक' म्हणून दारात उभे राहणारे, 'दर्शनाभिलाषी' म्हणून तुमच्या दर्शनाची इच्छा धरून बसलेले. ज्याचं नाव सुटलं तो मांडवात येऊन जेवतो, पण दहा वर्षं विसरत नाही. आणि जो वारलाय त्याच्या नावापुढे 'स्व.' हवं. हिंदीत स्व., मराठीत कै.

विष्णू कामाला लागल्यानंतर दुसऱ्याच वर्षी त्याच्या हातून एका घरातले वारलेले मोठे काका दर्शनाभिलाषींमध्ये छापले गेले. सहाशे पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्या काकांची बायको स्वतः दुकानात आली. भांडली नाही. पत्रिका उघडून नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं, विष्णूकडे पाहिलं आणि निघून गेली. तेव्हापासून विष्णू हाजरी घेतो. छपाईच्या आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो, पाणी देतो, आणि एकेक नाव मोठ्याने वाचून विचारतो, "हैं?" गिऱ्हाईक म्हणतं, "हैं." पुढचं नाव. "हैं?" "हैं." साठ नावं असली तर साठ वेळा. सुमीत सेठ वैतागतो, पण त्यानंतर त्या दुकानातून एकही मेलेला माणूस जिवंत होऊन बाहेर पडलेला नाही.

तर मागच्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या लक्षात आलं, की वरचा पंखा चालत नाही. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि रविवारी दुपारभर वर पंखा बंद. मला वाटलं बिघडला असेल आणि हा संकोची प्राणी सांगत नसेल. किंवा, खरं सांगते, मला वाटलं वर काही बरंवाईट झालं. मी गुडघे धरत जिना चढले.

दार उघडंच होतं. विष्णू बनियनवर, घामाने निथळत, जमिनीवर पालथा पडला होता, आणि त्याच्यासमोर कागदाचं एक आख्खं अंतराळ पसरलं होतं. निळ्या पत्रिकांचं आकाश, टिकल्यांचे तारे, आणि मधोमध सोनेरी कागदाचं जहाज. त्याच्या बाजूवर उलट्या अक्षरांत 'शुभ विवाह' दिसत होतं.

"काकू, हळू! श्वास नका सोडू," तो ओरडला. "ग्रह उडून जातील!"

इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला होता. मला बरं वाटलं.

मग त्याने मला सगळं सांगितलं. 'अंतरिक्ष के बेघर' नावाची एक विज्ञानपटांची मालिका होती. इंग्रजी, पण आपल्याकडे हिंदीतून यायची. सात भाग. गोष्ट सगळ्या भागांत तीच: एक ग्रह फुटतो, तिथली उरलीसुरली माणसं एका जहाजात बसतात आणि राहायला जागा शोधत हिंडतात. कप्तान कोरा नावाचा शूर आणि बिनडोक नायक. टिक नावाचा रोबो. 'महाधुंद' नावाचा काळा ढग, जो वाटेत येईल ते गिळतो. पहिला भाग लागला तेव्हा विष्णू नववीत होता. तो आणि त्याचा वर्गमित्र ओंकार नाफडे टॉकीजमध्ये पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला गेले, आणि बाहेर पडून घरी येईपर्यंत ओंकारने पिक्चरची खिल्ली उडवणारी तुकबंदी रचली. विष्णूने दप्तरातल्या डब्यावर ताल धरला. रॅप हा शब्द तेव्हा त्यांनी नुकताच ऐकला होता.

"मग दर भागाला तेच, काकू. पिक्चर बघायचा, चालत यायचं, चालता चालता कडवं. वचनच होतं आमचं. एकट्याने कोणी बघायचा नाही."

ओंकार पुढे नोकरीला पुण्याला गेला. पाचव्या आणि सहाव्या भागाला तो आगगाडीने उज्जैनला आला, पिक्चर पाहिला, कडवं रचलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. सहा भाग, सहा कडवी, एका लांब वहीत ओंकारच्या अक्षरात. ती वही विष्णूने जपून ठेवली होती, आणि आता तो तिच्यावरून कागदी पिक्चर बनवत होता. एक फोटो काढायचा, जहाज तांदळाच्या दाण्याइतकं पुढे सरकवायचं, दुसरा फोटो. सेकंदाला बारा. चार मिनिटांसाठी जवळजवळ तीन हजार.

"आणि सातवा भाग?" मी विचारलं.

तो जहाजाचं शेपूट नीट करत बसला. मग म्हणाला, "सातव्याला तो म्हणाला, मुलगी आजारी आहे, पुढच्या शनिवारी येऊन जातो. मी थांबलो. शुक्रवारी त्याचा फोन. 'विष्ण्या, ऑफिसवाल्यांनी सगळ्यांना नेलं रे, पाहून टाकला. काय शेवट आहे यार!' मी फोन ठेवून दिला."

"मग?"

"मग त्याचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. मग यायचे बंद झाले. पंधरा साली मी नंबर बदलला."

"किती वर्षं झाली?"

"दहा होऊन गेली."

"एका पिक्चरवरून?"

"काकू, पिक्चर नव्हता तो," विष्णू म्हणाला.

मला हसू आलं आणि रागही आला. बायका भांडल्या तर निदान चार घरांत सांगून मोकळ्या होतात. ही पुरुषमंडळी एक फोन ठेवतात आणि तो दहा वर्षं उचलत नाहीत. मी म्हटलं, "अरे, सरळ फोन लाव ना त्याला. त्याच्या इथल्या कोणाकडून तरी नंबर मिळेल." त्याने मान हलवली. ओंकारचे आई-वडीलही घर विकून पुण्याला गेले होते, इथे कोणी उरलं नव्हतं. पण नंबर हे निमित्त होतं. "फोन मी ठेवला होता. आता कोणत्या तोंडाने करू? ह्या वहीतले शब्द त्याचेच आहेत, काकू. कुठे तरी त्याच्या नजरेला पडेल. पडलं की तो राहू शकणार नाही. सातवं कडवं पाठवेलच. त्याला अर्धवट यमक सहन होत नाही."

म्हणजे हे सगळं जहाज, हे तारे, हा मे महिन्यातला घाम, एका माणसाचा फोन यावा म्हणून होता. त्या दुपारी मी खाली आले आणि त्याला पाठवायला म्हणून पन्हं केलं. नंतर आठवलं की पाठवायला घरात दुसरं कोणी नाही. मीच घेऊन गेले.

मी वर गेले त्याच्या सहा महिने आधीच त्याने सुरुवात केली होती; सगळं धरून अकरा महिने ते काम चाललं. दुकानात चुकलेल्या, उरलेल्या पत्रिका तो गोळा करून आणायचा. कप्तान कोराचा अंगरखा कोणाच्या तरी मखमली पत्रिकेचा, महाधुंद काळ्या पाकिटांचा. एका ग्रहावर जवळून पाहिलं तर 'सुपुत्री श्रीमती' एवढं वाचता येत असे. फक्त गणपतीला तो कात्री लावत नसे. प्रत्येक पत्रिकेतला गणपती आधी अलगद सोडवून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा, आणि अनंत चतुर्दशीला तो डबा घेऊन क्षिप्रेवर जायचा. त्या वर्षी चारशे गणपतींचं विसर्जन केलं, असं तो मला गंभीरपणे सांगत आला.

आवाज सगळे त्याचेच. फक्त जहाजाच्या संगणकाला बाईचा आवाज हवा होता.

"काकू, तुमचा आवाज अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "समोरचा मरून राहिला असला तरी आधी फॉर्म भरून घेईल, असा."

दहावीत असताना ओंकार वडिलांबरोबर कुठल्याशा बँकेत तासभर रांगेत उभा राहिला होता, त्या रागातून संगणकाचं कडवं झालं होतं. मी चष्मा लावून, वही हातात धरून म्हटलं:

*ऑक्सिजन संपला? आता नाही, लंचनंतर या,*
*आणि येताना अर्जासोबत दोन फोटो घेऊन या!*

"हे गाणं आहे की तक्रार?" मी विचारलं.

"रॅप म्हणजे तालात केलेली तक्रारच, काकू. अजून एकदा म्हणा. जरा कंटाळून."

कंटाळून म्हणायला मला फार प्रयास पडले नाहीत. तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताल धरायचा आणि कप्तानाचं कडवं म्हणताना त्याचा पोक नाहीसा व्हायचा:

*कप्तान कोरा, कप्तान कोरा, बंदूक भारी, भेजा कोरा,*
*सूर्य विझला, ग्रह फुटला, हा विचारतो, "पोह्यांत जीरावन थोडा?"*

जीरावन म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. आणि शेवटी, सगळं विश्व पालथं घालून दमलेली माणसं म्हणतात:

*सात सूर्य ओलांडले, मिळेना कुठे ठिकाणा,*
*नानाखेड्यात उतरव भैया, तिथून ऑटोने जाना!*

इथे सोनेरी जहाज नानाखेड्याच्या बस स्टँडवर उतरतं, आणि एक कागदी कंडक्टर त्यालाच हाका मारतो, "इंदौर-इंदौर-इंदौर!" हे मी दहा वेळा पाहिलं आणि दहाही वेळा हसले. मग डब्यावरचा ताल थांबतो. जहाज दहा सेकंद नुसतं उभं राहतं. पडद्यावर अक्षरं येतात, एकदा मराठीत, एकदा हिंदीत: 'सातवं कडवं ओंकार नाफडेकडे आहे. त्याने पाठवलं की जोडू.'

त्यानंतर नावं. विष्णूने ती पत्रिकेसारखीच लावली होती, वेलबुट्टीच्या चौकटीत. विनीत: विष्णू पागे. स्वागतोत्सुक: सौ. रजनी मुळ्ये. मी म्हटलं, "सौ. काढ, श्रीमती कर." त्याने जीभ चावून लगेच बदललं. आणि खाली एकट्याचं नाव. दर्शनाभिलाषी: ओंकार नाफडे.

"छान दिसतंय," मी म्हटलं. मला खरंच छान वाटलं होतं.

दसऱ्याला त्याने व्हिडिओ चढवला. पहिल्या आठवड्यात चाळीस लोकांनी पाहिला, त्यात पाच-सहा वेळा मीच. मग इंदौरच्या कोण्या हसवणाऱ्या मुलाने तो पुढे पाठवला आणि एकदम गर्दी झाली. हजार, दहा हजार, मग लाखावर. दुकानात लोक त्याला पाहायला येऊ लागले. सुमीत सेठने त्याच्या टेबलावर नवीन दिवा लावून दिला.

विष्णूला त्यातलं काही नको होतं. रोज पाचला तो खाली यायचा, मी चहा ठेवायची, आणि व्हिडिओखालचे अभिप्राय मी त्याला वाचून दाखवायचे. स्वतः वाचायला तो घाबरत होता. सातव्या भागाचा शेवट कोणी तरी सांगून टाकेल, ही भीती. आधी मी मनात वाचायचं, शेवटाचं काही असलं की गाळायचं. त्यामुळे आता त्या पिक्चरचा शेवट मला माहीत आहे. सांगणार नाही.

लोकांना ते जहाज थांबणं फार आवडून गेलं होतं. कोणी तरी पहिल्यांदा लिहिलं, 'ओंकार भैया, भेजो ना!' मग दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्याने लिहिलं, आणि मग ती टूमच निघाली. 'ओंकार भैया, सो गए क्या?' 'ओंकार भैया, दोस्त खड़ा है.' 'ओंकारदादा, आता तरी या.' जबलपूरहून, नाशिकहून, दुबईहून. शेकड्याने. मी वाचत जायची, विष्णू कपातल्या चहाकडे बघत ऐकत राहायचा. शेवटी विचारायचा, "आणि त्याचं?"

"नाही अजून."

"बिझी असेल," तो म्हणायचा. कप धुऊन पालथा घालायचा आणि वर जायचा. मग वरची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. मला सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी खूश होते. रोज पाचला माझ्याकडे कोणी तरी येत होतं.

देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, झाली, लग्नसराई लागली, विष्णूला दुकानात मान वर करायला फुरसत नव्हती. तरी पाचला तो सायकल मारत घरी यायचा आणि चहा पिऊन परत जायचा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असाच आला, आणि मी त्याला चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

"विष्णू, ऐक! 'विष्णूकाका, मी मधुरा नाफडे, पुण्याहून. ओंकार नाफडे माझे बाबा. तुमचा नंबर मिळेल का? बोलायचं आहे.'"

त्याने मला ते तीन वेळा वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं. "ओंकारची मुलगी! सात वर्षांची होती, काकू. तापाने पडली होती तेव्हा." मुलीने आपला नंबर दिला होता, त्यावर त्याने स्वतःचा पाठवला आणि फोन टेबलावर ठेवला. मग माझ्या कपाटाच्या आरशात बघून भांग पाडला. मी म्हटलं, "अरे, फोन येणार आहे, तो नाही," तर म्हणाला, "हो, ते तर आहेच," आणि तरी कॉलर नीट केली.

दहा मिनिटांत फोन वाजला. मला ऐकू यावं म्हणून त्याने स्पीकर लावला.

"काका, नमस्कार. मी मधुरा."

"अरे बेटा! केवढी मोठी झालीस! कुठे आहे तो? लाजून राहिला आहे का? दे त्याला. त्याला म्हणावं, सातवं कडवं ऐकवल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही."

पलीकडे मुलीने दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काका, बाबा नाहीयेत."

"ऑफिसातून यायचा असेल. चालेल ना, मी थांबतो."

मी बँकेत असताना कितीतरी बायका काउंटरवर येऊन त्याच आवाजात सांगायच्या, की खातं आता माझ्या एकटीच्या नावावर करायचं आहे. मला कळलं. विष्णूला कळलं नाही. तो हसऱ्या तोंडाने फोनकडे बघत होता.

"काका, बाबा एकवीसच्या एप्रिलमध्ये गेले. कोविडमध्ये. आठ दिवसांत. आईने तेव्हा तुमच्या जुन्या नंबरवर लावला होता फोन. तो बंद होता."

विष्णू खाली बसला. खुर्ची मागे नव्हती. मी पुढे सरकवली म्हणून तो तिच्यावर बसला.

मुलगी समजूतदार होती. अठरा वर्षांची, पण मोठ्या बाईसारखं बोलत होती. म्हणाली, तुमच्यावर राग नाही काका, तुम्हाला माहीत नव्हतं हे आम्हाला कळलं. पण आईच्या ऑफिसातल्या कोणी तरी आईलाच तो व्हिडिओ पाठवला, बघ किती मजेशीर आहे म्हणून. आई ते ऑक्सिजनचं ऐकून उठून गेली. बाबांना दोन दिवस बेड मिळत नव्हता. "आणि खाली ते लोक रोज लिहितात ना, 'ओंकार भैया, भेजो', 'सो गए क्या', ते तिला बघवत नाही. काका, फक्त तेवढं नाव..."

"काढतो बेटा. आत्ता काढतो."

ऑक्सिजनच्या ओळीतला तो कंटाळलेला आवाज माझा होता. मी ओट्याला धरून उभी राहिले. पंचवीस वर्षं परक्यांच्या घरची हाजरी घेणारा माणूस. साठ-साठ नावं, प्रत्येकापुढे प्रश्न. स्वतःच्या यादीत तीन नावं होती, त्यातल्या दोघांची तर गरजच नव्हती, आणि तिसऱ्यापुढे त्याने विचारलं नाही. कोणाला विचारणार होता? समोर मी बसले होते. माझं 'सौ.' मला बरोबर खटकलं. ओंकारचं विचारायचं मला सुचलं नाही. ह्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मधुरा अजून बोलत होती. "काका, एक विचारू? त्या सातव्या भागाचा शेवट काय आहे? बाबांनी घरात तो कधी लावूच दिला नाही. टीव्हीवर लागला की बंद करायचे. म्हणायचे, थांब, आधी विष्णूशी बोलणं होऊ दे. मी डिसेंबरात मामाकडे येते आहे, देवासला. तुमच्याकडे येऊ का? आपण दोघं बघू?"

विष्णूचा चेहरा मी पाहिला. सांगता येत नाही तसा झाला होता.

"नको," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मग त्याने तिथेच बसून व्हिडिओ काढून टाकला. एकदा चढवलेल्या व्हिडिओतली अक्षरं बदलता येत नाहीत, सगळाच काढावा लागतो. दोन लाख तीस हजार लोकांनी पाहिलेला, अकरा महिन्यांचा, तीन हजार फोटोंचा. अंगठ्याने दोनदा दाबलं आणि गेलं. जबलपूर, नाशिक, दुबई, सगळी हाका मारणारी माणसं गेली.

"तो गेला होता, काकू," तो म्हणाला. "आणि मी सगळ्या दुनियेला त्याच्या दारात उभं केलं."

मी गप्प राहायला हवं होतं. कोणतीही शहाणी बाई राहिली असती. पण मला त्या मुलीचं 'येऊ का' ऐकू येत होतं, आणि माझा राग अनावर झाला. दुःखाचाच होता, पण निघाला रागासारखा.

"तू दुनियेचं सोड," मी म्हटलं. "त्या पोरीचा फोन का ठेवलास? तिने काय पाहिला होता पिक्चर तुझ्याशिवाय? एकदा फोन ठेवून अकरा वर्षं घालवलीस, विष्णू. आता हिचाही ठेव. मीही मरेन कधी तरी, मग वर बस पंखा बंद करून!"

इतकं बोलायला नको होतं. तो उठला. मला वाटलं, आता वर जाईल आणि उद्या पाचला येणार नाही, परवाही नाही. दारापर्यंत गेला. चप्पल पायातच होती. तिथे उभ्या उभ्या त्याने नंबर लावला. स्पीकर अजून चालूच होता.

"हॅलो? काका?"

"बेटा, विष्णूकाका बोलतोय. मघाशी मी फोन ठेवला."

"असू दे हो काका. मी समजू शकते."

"नाही. ऐकून घे. फोन मी ठेवला होता. त्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती. मी परत करायला पाहिजे होता."

"पण तुम्ही केलात ना परत," मुलगी म्हणाली. "पाचच मिनिटं झाली, काका."

"फार उशीर झाला, बेटा." त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. मग म्हणाला, "डिसेंबरात ये. शेवट मलाही माहीत नाही."

मुलगी आतापर्यंत मोठ्या बाईसारखी बोलत होती, ती आता लहान मुलीसारखी रडायला लागली. देवास गेटला दुकान त्याची वाट बघत होतं, अंधार पडत आला होता, पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं, आणि हा दारात उभा होता. पण फोन ठेवत नव्हता.